युनिव्हर्सल रिमोटला आपल्या टीव्हीचा कोड सापडतो कसा?

प्रश्न असा आहे: घरातल्या एलईडी टीव्हीचा मूळ रिमोट हरवला. युनिव्हर्सल रिमोट आणला, ऑटो सर्च लावला. आता टीव्ही चालू-बंद होतो, आवाज कमी-जास्त होतो, पण मेनू आणि सोर्सची बटणं दाबली तर काहीच होत नाही. रिमोटला आपला टीव्ही कोणता हे कळतं तरी कसं, आणि अर्धवटच कळलं असेल तर पूर्ण कसं करायचं?

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतो. हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी काउंटरवर येतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रिमोटला तुमचा टीव्ही कधीच कळत नाही. रिमोट फक्त बोलतो, त्याला कान नसतात. पुढच्या टोकाला एक इन्फ्रारेड एलईडी असतो, तो लुकलुकतो आणि काम संपतं. टीव्हीने ऐकलं की नाही, बंद झाला की चालू झाला, यातलं काहीही रिमोटपर्यंत परत येत नाही. ऑटो सर्चमध्ये रिमोट एकामागून एक हाका मारत सुटतो आणि कोणत्या हाकेला टीव्हीने ओ दिली हे तुम्ही बघता. म्हणजे शोधण्याचं काम तुमच्या डोळ्यांचं आहे. एवढं समजलं की तुमचं गाडं कुठे अडलंय तेही समजेल.

रिमोट नेमकं बोलतो काय? माझ्या टेबलावर टीसॉप १७३८ नावाचा तीन पायांचा रिसीव्हर कायम लावलेला असतो आणि त्याला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे ठोके स्क्रीनवर रेषेत काढून दाखवणारं यंत्र, जोडलेला असतो. टीव्हीच्या पुढच्या काळ्या काचेमागे असाच रिसीव्हर बसवलेला असतो. नावातले शेवटचे ३८ म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. रिमोटचा एलईडी पेटतो तेव्हाही तो सलग पेटलेला नसतो, सेकंदाला ३८ हजार वेळा उघडझाप करत असतो. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड असतं, साध्या बल्बमधून निघतं, आपल्या अंगातूनही निघतं. त्या सगळ्या गोंगाटातून रिसीव्हर फक्त या एका तालावरचा प्रकाश वेचून घेतो.

आता एलजीच्या टीव्हीचा रिमोट त्या रिसीव्हरसमोर धरून पॉवरचं बटण दाबू. स्क्रीनवर आधी ९ मिलिसेकंदांचा एक लांब ठोका दिसतो, मग साडेचार मिलिसेकंद शांतता. गावात दवंडी पिटताना पहिल्यांदा ‘ऐका हो ऐका’ म्हणतात ना, तेच हे. त्यानंतर अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित मोठे असे एकसारखे बारीक ठोके येतात, पण त्यांच्यामधलं अंतर सारखं नसतं. आखूड अंतर म्हणजे शून्य, त्याच्या तिप्पट अंतर म्हणजे एक. असे ३२ शून्य-एक येतात आणि त्यांचे आठ-आठचे चार गट पडतात. पहिला गट पत्ता: एलजी टीव्हीसाठी ४. दुसरा गट तोच पत्ता उलटा करून, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. तिसरा गट हुकूम: पॉवरसाठी ८. चौथा तोच हुकूम उलटा. सुलट आणि उलट जुळले नाहीत तर टीव्ही सगळं फेकून देतो, म्हणून चुकून आलेल्या उजेडाने टीव्ही बंद पडत नाही. या उलट-सुलटीमुळे ३२ पैकी नेहमी १६ शून्य आणि १६ एक भरतात, त्यामुळे कुठलंही बटण दाबा, निरोप साडेसदुसष्ट मिलिसेकंदांतच संपतो. पहिल्यांदा हे स्क्रीनवर पाहिलं तेव्हा ही रचना ज्याने केली त्याला मी मनोमन नमस्कार केला होता. या पद्धतीला एनईसी म्हणतात.

आवाज वाढवायला हुकूम २, कमी करायला ३. पत्ता तोच, ४. पत्ता आणि हुकूम हे दोन शब्द लक्षात ठेवा, तुमचा घोळ त्यांच्यातच आहे.

पण सगळ्या कंपन्या ही एकच भाषा बोलत नाहीत. सॅमसंगची सुरुवात वेगळी, साडेचार मिलिसेकंदांचा ठोका आणि तेवढीच शांतता, टीव्हीचा पत्ता ७ आणि पॉवरचा हुकूम २. सोनीचा ताल ४० किलोहर्ट्झचा. तिथे अंतराऐवजी ठोकाच लांब-आखूड होतो, आणि निरोप निदान तीनदा आल्याशिवाय टीव्ही हलत नाही. फिलिप्सच्या आरसी-५ या भाषेत ताल ३६ किलोहर्ट्झचा, सगळा निरोप १४ बिटांचा (एक बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), आणि पत्ता कंपनीप्रमाणे न देता वस्तूप्रमाणे दिलेला: टीव्हीला शून्य, व्हीसीआरला ५, सीडी प्लेअरला २०. म्हणून आरसी-५ वर चालणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने टीव्ही एकमेकांच्या रिमोटला बिनतक्रार ओ द्यायचे.

युनिव्हर्सल रिमोटच्या चिपमध्ये या सगळ्याचा एक मोठा तक्ता आधीच भरलेला असतो. तक्त्याच्या एका ओळीत भाषा कोणती, पत्ता कोणता आणि कोणत्या बटणाला कोणता हुकूम हे लिहिलेलं असतं. सोबतच्या कागदावर छापलेला तीन किंवा चार आकडी कोड म्हणजे या तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक. तो आकडा टीव्हीकडे कधीच जात नाही. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला क्रमांक त्याच ग्रंथालयात कामाचा, तसंच हे. म्हणून एका रिमोटचा कागद दुसऱ्या कंपनीच्या रिमोटला लागू पडत नाही. नेटवर सापडलेला ‘अमुक ब्रँडचा कोड’ टाकून लोक तासभर खटपट करतात आणि रिमोट खराब म्हणून परत आणतात. रिमोट चांगला असतो, यादी दुसऱ्याच रिमोटची असते.

यादीत तुमच्या टीव्हीचं नाव नसेल तर हताश होऊ नका. टीव्हीवर लिहिलेलं नाव आणि आतली चिप यांचा संबंध बऱ्याचदा सैल असतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळात आपल्याकडे बीपीएलचं सान्योशी, ओनिडाचं जेव्हीसीशी आणि औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचं तोशिबाशी तांत्रिक सहकार्य होतं. तेव्हा मी आधी भारतीय नावाखाली शोधायचो, नाही सापडलं तर जपानी नावाखाली, आणि शेवटी फिलिप्सचे कोड लावून बघायचो. पुष्कळदा काम व्हायचं.

ऑटो सर्चमध्ये रिमोट याच तक्त्यातल्या ओळी एकेक करून घेतो आणि प्रत्येक ओळीतला पॉवरचा हुकूम सोडतो. पॉवरच का? कारण परिणाम खोलीच्या पलीकडूनही दिसतो. काही रिमोट आवाज वाढवण्याचा हुकूम सोडतात. मला ती पद्धत जास्त आवडते, कारण एक-दोन हाका हुकल्या तरी टीव्ही बंद पडून पुन्हा चालू होण्याचा गोंधळ होत नाही. एक निरोप सेकंदाच्या दहाव्या भागातच जातो, पण माणसाला बघून बटण दाबायला वेळ हवा म्हणून मध्ये सेकंद-दीड सेकंद थांबावं लागतं. दोनशे ओळी असतील तर दीड सेकंदाच्या हिशेबाने पाच मिनिटं झाली. लोक मिनिटभरात कंटाळतात आणि ‘चालत नाही’ म्हणतात.

ओळी कोणत्या क्रमाने लावायच्या हे रिमोट बनवणाऱ्याच्या हाती असतं. जास्त खपलेले टीव्ही आधी ठेवले की बहुतेकांचं काम लवकर होतं. अमेरिकेत मिच ऑल्टमन यांनी २००४ मध्ये टीव्ही-बी-गॉन नावाची, किल्लीच्या साखळीला अडकवायची एक छोटी वस्तू आणली. सार्वजनिक जागी चालू असलेले टीव्ही बंद करायचे हा तिचा एकच उद्योग. बटण एक, आणि आत निरनिराळ्या कंपन्यांचे बंद करण्याचे हुकूम ओळीने भरलेले. आपल्या ऑटो सर्चचंच ते रूप आहे. फरक इतकाच की तिथे ‘थांब’ म्हणायची गरज नसते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पॉवर आणि आवाज चालतात, मेनू आणि सोर्स चालत नाहीत. म्हणजे भाषा जुळली, पत्ता जुळला, आणि सगळ्यात जास्त वापरले जाणारे हुकूमही जुळले. कंपन्या पॉवर, आवाज आणि चॅनेल यांचे आकडे सहसा वर्षानुवर्षं बदलत नाहीत. पण मेनू, सोर्स, होम, स्लीप ही बटणं टीव्हीच्या पिढीप्रमाणे बदलत जातात. तुमच्या रिमोटने त्याच कंपनीची, पण दुसऱ्या पिढीची ओळ पकडली आहे. ऑटो सर्चने पॉवर चाललेली पहिली ओळ दिली आणि तुम्ही तिथे थांबलात. बरोबर ओळ बहुधा पुढे आहे, म्हणून सर्च तिथूनच पुढे चालू ठेवा. नाहीतर कागदावर तुमच्या ब्रँडपुढे जे सात-आठ कोड असतील ते सगळे हाताने टाका आणि प्रत्येक वेळी पॉवर न तपासता थेट मेनू आणि सोर्स तपासा. माझ्या काउंटरवर मी हेच करतो, आणि तुमच्यासारखी बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

एक शक्यता उरते. स्वस्त रिमोटमध्ये जागा वाचवण्यासाठी काही ओळींत मोजकेच हुकूम भरलेले असतात. अशा ओळीत सोर्सचं बटण रिकामंच असतं, कितीही दाबा. ते ओळखायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, रिमोटचा एलईडी त्याच्यासमोर धरा आणि सोर्स दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका चमकला तर रिमोट काहीतरी पाठवतोय, हुकूम चुकीचा आहे. ठिपका आलाच नाही, पण पॉवर दाबल्यावर येतो, तर त्या ओळीत सोर्स भरलेलंच नाही. मागच्या कॅमेऱ्याने करू नका, पुष्कळ मोबाइलमध्ये त्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

आणखी एक गोष्ट विचारतो, कारण यात मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. तुमचा टीव्ही कधी उघडून दुरुस्त झाला होता का? एक काका ३२ इंची टीव्ही घेऊन आले होते. समोर नावाजलेल्या कंपनीचं नाव. त्या कंपनीचे माझ्याकडचे सगळे कोड झाले, कंपनीचा अस्सल रिमोट लावला, तरी टीव्ही ढिम्म. रिसीव्हर बदलून बघितला. शेवटी मागचं झाकण काढलं तर आत कंपनीचा मदरबोर्ड नव्हताच. पूर्वी कोणीतरी व्ही-५९ जातीचा चिनी युनिव्हर्सल बोर्ड बसवला होता. काकांना आठवलं, “हो, चार वर्षांपूर्वी वीज कडाडली तेव्हा केला होता दुरुस्त.” असा बोर्ड बसवला की टीव्हीवरचं नाव उरतं ते फक्त बाहेरच्या प्लास्टिकवर. आतला बोर्ड कोणत्या रिमोटला ओ देणार हे त्यात भरलेल्या सॉफ्टवेअरवर ठरतं. बोर्डासोबत एक रिमोट येतो, तो ज्याने हरवला त्याने कंपनीच्या यादीत शोधून काही मिळत नाही. लहान ब्रँडच्या अनेक टीव्हींत तर पहिल्यापासूनच असा बोर्ड असतो. तुमचा टीव्ही निम्मा तरी ओ देतोय, त्यामुळे तुमच्याकडे ही शक्यता कमी, पण विचारून ठेवलेलं बरं.

मूळ रिमोट मोडका का होईना पण हाताशी असेल, तर लर्निंग रिमोट हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. त्यात तक्ता लागत नाही. या रिमोटला मात्र कान असतात: दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून दोन-तीन इंचांवर ठेवायचे, नव्याचं बटण निवडायचं, जुन्याचं दाबायचं, आणि नवा रिमोट ते ठोके मोजून जसेच्या तसे साठवतो. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी १९८७ मध्ये आणलेला ‘कोअर’ हा रिमोट असाच शिकणारा होता. डीटीएच सेट टॉप बॉक्सच्या अनेक रिमोटवरही दोन-चार बटणं अशी शिकवता येतात. शिकवताना ऊन अंगावर घेऊ नका, खोलीतला सीएफएल बंद करा.

यात एक बारीक खोच आहे. आरसी-५ मध्ये एक बिट असा असतो की बटण सोडून पुन्हा दाबलं की तो पालटतो. त्यावरून टीव्हीला कळतं की बटण दाबून धरलंय की दुसऱ्यांदा दाबलंय. साधा लर्निंग रिमोट तो बिटही गोठवून साठवतो. मग ११ नंबरचं चॅनेल लावायला १ दोनदा दाबलं, तरी टीव्हीला वाटतं एकदाच दाबून धरलंय, आणि चॅनेल १ लागतं. जुना फिलिप्स असेल आणि असं झालं तर रिमोट बदलू नका. मध्ये दुसरं एखादं निरुपद्रवी बटण दाबूनही चालत नाही, कारण त्याने आकडा तुटतो. चॅनेल वर-खाली करणाऱ्या बटणांनी काम भागवा.

एसीचा प्रकार वेगळा, तो इथे थोडक्यात सांगतो कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वाढव’ म्हणतो. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी हकिकत सांगतो: चालू, कूल मोड, २४ अंश, पंखा मध्यम, स्विंग बंद. तुम्ही फक्त तापमान बदललंत तरी सगळं पुन्हा जातं. एसीच्या रिमोटवर स्क्रीन असते ती याचसाठी, कारण सध्या काय चालू आहे हे रिमोटलाच लक्षात ठेवावं लागतं. त्यामुळे निरोप लांबलचक होतो आणि साध्या लर्निंग रिमोटच्या आवाक्यात बसत नाही. ऑटो सर्चला मात्र एसी सोपा, कारण बहुतेक एसी ओ देताना बीप वाजवतात. बीप आल्यावर लगेच खूश होऊ नका. तापमान १८ आणि ३० करून बघा, मोड बदलून बघा, मगच कोड पक्का करा.

मग टीव्ही खरोखर ओळखणारा रिमोट असतच नाही का? रिमोट नाही, पण टीव्हीला एचडीएमआयच्या तारेने जोडलेला बॉक्स किंवा स्टिक ओळखू शकते, कारण ती तार दोन्हीकडून बोलते. टीव्ही त्या तारेवरून आपली माहिती देतो आणि तिच्यात बनवणाऱ्याची तीन अक्षरी खूण असते. सॅमसंगची एसएएम, सोनीची एसएनवाय, आणि एलजीची जीएसएम, कारण कंपनीचं जुनं नाव गोल्डस्टार. बॉक्स ही खूण वाचतो, तक्त्यातल्या मोजक्या ओळी निवडतो आणि आपल्या रिमोटला देतो. मग तो तुम्हाला विचारतो, ‘आवाज वाढला का?’ म्हणजे शेवटची खात्री तिथेही माणसाकडूनच करून घेतात.

तुमचा टीव्ही स्मार्ट असेल तर हेही बघा: मूळ रिमोटवर माइकचं बटण होतं का? असेल तर तो बहुधा ब्लूटूथचा होता. त्याला कोड नसतो, जोडणी करावी लागते. असे बरेच टीव्ही पॉवर आणि आवाजासाठी इन्फ्रारेड ऐकतात, पण बोलून शोधण्यासारख्या गोष्टी युनिव्हर्सल रिमोटने होणार नाहीत. वेगळी लावलेली स्ट्रीमिंग स्टिक असेल तर काहींना इन्फ्रारेडचा डोळाच नसतो, तिच्यावर कोड शोधण्यात वेळ घालवू नका.

तर आज असं करा. रिमोटमध्ये नवीन सेल घाला. मेलेल्या सेलवर सर्च अर्ध्यात अडकतो, आणि काही स्वस्त रिमोट सेल काढले की कोड विसरतात, म्हणून पुढेही सेल झटपट बदला. टीव्ही चालू ठेवून सर्च करा, बंद ठेवून नको, कारण आजकालचे टीव्ही जागे व्हायला पाच-दहा सेकंद घेतात आणि तोवर रिमोट चार-पाच ओळी पुढे गेलेला असतो. सध्याच्या कोडपासून पुढे चला. पॉवर चालली की लगेच कोड पक्का न करता मेनू आणि सोर्स दाबून बघा. मेनू उघडला की बाणांची बटणं आणि ओकेही तपासा, मगच थांबा, आणि तो क्रमांक रिमोटच्या सेलच्या झाकणाआत मार्करने लिहून ठेवा.

सगळे कोड संपले तरी जमलं नाही, तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो काढा, मॉडेल नंबर वाचता येईल असा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो दाखवून त्या मॉडेलचा तयार रिमोट मागा. घेण्याआधी त्याचं चित्र तुमच्या जुन्या रिमोटच्या एखाद्या फोटोशी ताडून बघा. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत तो फोटो असतो. बटणांची मांडणी तीच असेल तर आतले हुकूमही बहुतेक वेळा तेच निघतात.